लेकीला रोज सुया टोचायच्या, आईबापांनी मनाने कसं टिकायचं?

मृदुला_वारजे

नमस्कार मंडळी. इथे वाचतेय बरीच वर्षं, लिहितेय पहिल्यांदा, सांभाळून घ्या. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, घरी चिऊ म्हणतो, तेच नाव इथे चालू दे. या पावसाळ्यात तिला टाईप वन डायबेटिस निघाला. सारखं पाणी मागत होती, रात्री परत गादी ओली व्हायला लागली, फ्रॉक ढगळ व्हायला लागले, शाळेतून बाईंनी वहीत लिहून पाठवलं की ही सारखी बाथरूमला जाते. मग उलट्या, जोरजोरात श्वास आणि थेट आयसीयू. ते निभावलं एकदाचं. इन्सुलिनचा डोस कसा काढायचा, शुगर लो झाली तर काय करायचं हे सगळं आता जमतंय.

माझा प्रश्न वेगळाय. रोज चार इंजेक्शनं, तीन जेवणाआधी आणि एक रात्रीचं, दिवसभर हळूहळू काम करणारं लाँग अ‍ॅक्टिंग, शिवाय बोट टोचून शुगर बघणं ते वेगळंच. इन्सुलिन पेनचा डबा उघडल्याचा आवाज आला की ही डायनिंग टेबलाच्या खाली. मग मनधरणी, मग रागावणं, मग पाय धरून ठेवणं, आणि टोचून झालं की ती हुंदके देत माझ्याच गळ्यात पडते, ते तर अजूनच सहन होत नाही. नवरा त्या वेळी गॅलरीत जातो कारण त्याला बघवत नाही. सासूबाई देवघरात जाऊन बसतात. म्हणजे घरात सगळे हळवे आणि दुष्ट मी एकटी. काल म्हणाली, "आई, आज एक दिवस सुट्टी दे ना सुईला." काय उत्तर देणार? पोळ्या लाटताना रडते मी, तेवढीच मोकळी वेळ मिळते.

ज्यांची मुलं या वाटेवर आमच्या पुढे आहेत त्यांनी सांगा, हे सोपं होतं का? आणि प्लीज कारल्याचा रस, जांभळाच्या बिया सुचवू नका, हात जोडते.

---

शिल्पा_हडपसर

मृदुला, आधी एक घट्ट मिठी. माझा मुलगा चौथ्या वर्षी डायग्नोस झाला, आता अकरा वर्षांचा आहे, स्वतःचं पेन स्वतः लावतो आणि मधेच माझ्याशी क्रिकेटवरून भांडतो पण. सोपं होतं का विचारलंस तर सुई सोपी होते, काळजी होत नाही, ती रूप बदलते.

आता कामाचं. सुई आत जाऊन बाहेर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. बाकी जो अर्धा तास जातो तो सुईचा नाही, वाटाघाटीचा असतो. मुलांना कळतं की रडलं की वेळ वाढते, आणि वाढलेल्या वेळेत भीतीच वाढते बाकी काही नाही. त्यामुळे "घेऊया का गं आता?" असा प्रश्न विचारायचाच नाही, कारण "नको" हे उत्तर आपल्याला चालणार नसतं. विचारायचं ते हे की डाव्या मांडीत का उजव्या, पोटात का दंडावर, आकडे तू मोजतेस का मी मोजू. जे तिच्या हातात देता येतं ते खरंच द्यायचं, आणि जे नाही ते आहे असं भासवायचं नाही. आमच्याकडे ते दात घासण्यासारखं झालं एकदाचं, कुरकुर असते पण चर्चा नसते.

दुसरं, "दुखणार नाही" म्हणू नकोस. दुखतं थोडं. एकदा खोटं पकडलं की पुढच्या वेळी तिचा आपल्यावर भरवसा राहत नाही. आणि दरवेळी "सॉरी बाळा" पण नको. सॉरी म्हटलं की मुलांना वाटतं आई काहीतरी वाईट करतेय. "हे मला करावंच लागतं आणि मी तुझ्याजवळ आहे" एवढं पुरतं.

सुट्टीचं उत्तर आम्ही असं द्यायचो की सुईला सुट्टी नाही पण तुझ्या रागाला परवानगी आहे, उशीला बुक्के मार.

---

जुना_टाईपवन

मी या धाग्यावर मुलाच्या बाजूने बोलतो. मी सातवीत असताना झाला, आता नोकरी करतो, हिंजवडीत. शिल्पाताईंचं बरचसं पटलं, एक भर घालतो.

मुलांना "माझा शूर बाळ, रडला पण नाही" हे म्हणणं जरा जपून. मला घरात सगळे शूर म्हणायचे आणि त्यात मी असा अडकलो की त्रास झाला तरी सांगायची सोय उरली नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे आई. आई माझ्यासमोर कधीच रडायची नाही पण शुगरच्या मीटरवर मोठा आकडा आला की तिचा चेहरा उतरायचा आणि त्या दिवशी तिचं जेवण जायचं नाही. मग मी काय करायचो, चांगला आकडा आला तर मोठ्याने सांगायचो आणि वाईट आला तर पुसून टाकायचो. दहावीत तर वहीत मनाने आकडे लिहायचो. डॉक्टरांनी एचबीए१सी बघितलं तेव्हा बिंग फुटलं, शुगरची तीन महिन्यांची सरासरी असते ती, ती कुणाच्या मनाने लिहिता येत नाही.

म्हणून विनंती, आकड्याला चांगला-वाईट म्हणू नका. जास्त आहे, कमी आहे, बरोबर आहे. शाळेतून आल्या आल्या "किती आली?" हा पहिला प्रश्न नको, आधी डबा खाल्लास का, कोणाशी भांडलीस ते विचारा. आणि चिऊ रडली तर रडू दे की. रडत रडत सुई घेतली तरी इन्सुलिन तेवढंच जातं.

---

मृदुला_वारजे

वाचून थांबले दोन मिनिटं. मी तर रोज स्टार चार्ट करतेय, न रडता घेतलं तर सोनेरी स्टार :( आज काढून टाकते भिंतीवरून.

---

जुना_टाईपवन

अहो काढू नका, फक्त नियम बदला. घेतलं की स्टार, रडून का होईना.

---

निसर्ग_हाच_वैद्य

तुमची विनंती वाचली तरी राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या नात्यात एका मुलाचं इन्सुलिन पथ्य आणि काढ्याने चार महिन्यांत जवळजवळ बंद झालं होतं. लहान जिवाला आयुष्यभर सुया कशाला? एकदा प्रयत्न करायला काय हरकत आहे.

---

सिस्टर_सुनंदा

हरकत आहे, आणि मोठी आहे. मी लहान मुलांच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये एज्युकेटर म्हणून काम करते, ही गोष्ट वर्षातून अनेकदा ऐकते म्हणून जरा सविस्तर.

टाईप वनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या डोहाळ्याने होत नाही, कुणाच्या नजरेने तर नाहीच. निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं की उरलेल्या थोड्या पेशींना विसावा मिळतो आणि काही आठवडे, काही महिने इन्सुलिन फार कमी लागतं. याला आम्ही हनीमून म्हणतो. नेमकं त्याच वेळी कुणी काढा सुरू केला तर श्रेय काढ्याला जातं. मग हनीमून संपतो, घरचे इन्सुलिन थांबवून बसलेले असतात आणि मुलाच्या रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून ते आयसीयूत येतं. १९२२ च्या आधी जगात कुठेही टाईप वनच्या मुलाला उपाशी ठेवून थोडे दिवस लांबवणं एवढंच करता यायचं. त्या वर्षी जानेवारीत टोरंटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिलं इन्सुलिन दिलं आणि तो पुढे तेरा वर्षं जगला.

आता मृदुला, तुला सुई कमी दुखावी म्हणून:

फ्रीजमधलं गार इन्सुलिन चरचरतं. चालू असलेलं पेन घरातल्या साध्या तापमानाला साधारण चार आठवडे चांगलं राहतं, फक्त ऊन आणि गाडीची डिकी टाळा. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, पण फ्रीजरच्या कप्प्याला टेकवून नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया. सुई ४ मिलिमीटरची घ्या आणि दरवेळी नवीन. एकच सुई आठवडाभर वापरणारी घरं मी बघितली आहेत, खर्चाचं समजते मी, पण टोक बोथट होतं आणि मग दुखतं हे नक्की. स्पिरिट लावलं असेल तर पूर्ण वाळू द्या, ओल्यावर टोचलं की झोंबतं. बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मग सुई काढा. बोट टोचताना मधोमध नाही, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं.

आणि जागा बदलत राहा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मुलं हट्टाने एकाच जागी घेतात कारण तिथे दुखायचं कमी होतं. दुखायचं कमी होतं कारण तिथे चरबीची गाठ होत असते, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, मग शुगर कधी वर कधी खाली आणि आई रात्रभर विचार करतेय की आपलं काय चुकलं. आंघोळ घालताना हात फिरवून बघत जा.

ज्यांची मुलं सिरिंज-बाटली वापरतात त्यांच्यासाठी: आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची असते (म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) आणि पेनातलं इन्सुलिन १०० चं. ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज, लाल टोपणाची. आणि पेनातलं इन्सुलिन सिरिंजने कधीच काढू नका. गावाला आजोळी गेल्यावर हे घोळ होतात.

---

संचालक

काढा, चूर्ण, "सुया बंद" प्रकारचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील. धागा मूळ विषयावर राहू द्या.

---

पर्वतीचा_बाबा

गॅलरीत जाणाऱ्या नवऱ्यांच्या वतीने बोलतो, मी त्या संघटनेचा माजी सदस्य.

बायकांना वाटतं आम्ही सुटका करून घेतो. तसं नसतं हो. मुलीचा पाय धरून ठेवायचा आणि ती "बाबा सोड" म्हणत असताना सोडायचं नाही, हे आतून फार वेगळं लागतं, बापाने सोडवायचं असतं अशी आपली समजूत असते ना. मी ऑफिसला जाताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेटच्या आत रडलोय. पुणेकरांना हेल्मेटचा एवढा एक फायदा पटला तरी खूप झालं.

मला बाहेर कशाने काढलं सांगतो. सिस्टरांनी आधी मला स्वतःला टोचायला लावलं, नुसती सुई, इन्सुलिनशिवाय. पोटात टोचून घेतली आणि खरं सांगतो, बोटाला लॅन्सेट (बोट टोचायची सुई) जास्त दुखलं. मनात जी सुई होती ती ह्या खऱ्या सुईपेक्षा फार लांब होती. मग रात्रीचं लाँग अ‍ॅक्टिंग माझं ठरलं, कायमचं. मदत म्हणून नाही, माझंच. "मदत करतो" म्हटलं की आठवण ठेवायचं काम परत बायकोकडेच राहतं. कुठलं पेन संपत आलंय, शुगर बघायच्या स्ट्रिप किती राहिल्या, पहाटे तीनला कोण उठणार, हेसुद्धा वाटून घ्यायला लागतं, सुई त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे.

मृदुलाताई, त्यांना हा प्रतिसाद वाचायला द्या. टोमणा म्हणून नका देऊ, नुसता मोबाईल पुढे करा.

---

मृदुला_वारजे

दिला. वाचला आणि काही बोलला नाही, उठून चहा केला दोघांना. बघू.

---

आजी_सहकारनगर

मला टायपिंग नीट येत नाही समजून घ्या. माझा नातू पण यातलाच. सासूबाई देवघरात जातात त्याबद्दल राग धरू नका, आमच्या पिढीला शुगर म्हणजे म्हातारपणी होणारी, ती या कोवळ्या पोराला कशी हेच पचत नाही. मी सुरुवातीला त्याला लपून पेढा द्यायचे, बिचारा म्हणून. सुनेने न रागावता मला वजनकाटा आणि वही दिली, म्हणाली आई, काहीही द्या पण मोजून द्या आणि मला सांगा म्हणजे तेवढं इन्सुलिन देता येईल. आता एका उकडीच्या मोदकात किती कर्बोदकं जातात ते घरात मला सगळ्यात चांगलं माहीत आहे, सारण कमी, पारी पातळ. गणपतीत तो सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसला. बिचारा म्हणणं मात्र बंद केलं, त्याने ते ऐकलं होतं आणि मला विचारलं होतं की आजी मी बिचारा आहे का.

सासूबाईंना काम द्या काहीतरी. हात रिकामे असले की माणूस देवघरात बसतो.

---

केतकी_औंध

आजी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या घरात लावणार आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची. आम्हाला सुईपेक्षा लोक जास्त टोचले, खरंच. "कुणाला सांगू नका हं, मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं बघावं लागेल" हे डिस्चार्जच्या दिवशी एका नातेवाईकांनी सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न!! लपवायचं ठरवलं की मग वाढदिवसाला बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन, मैत्रिणींना खोटं, ट्रीपला नाही म्हणणं, आणि मुलीला कळतं की आपल्यात लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे. आम्ही उलट केलं. वर्गात बाईंच्या परवानगीने तिनेच मीटर दाखवलं, दोन मुलांनी हौसेने बोट पुढे केलं (त्यांना नाही टोचलं अर्थात). आता ती घामेघूम झाली किंवा विचित्र चिडचिड करायला लागली तर शेजारचा मुलगाच ओरडतो, बाई हिची शुगर बघा.

शाळेसाठी एक, सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत टाईप वनच्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, थोडं खाणं आणि पाणी जवळ ठेवायची परवानगी दिलेली आहे. आपलं मूल दुसऱ्या बोर्डाचं असलं तरी मुख्याध्यापकांशी बोलताना हा दाखला उपयोगी पडतो. मी तो घेऊनच गेले होते, कारण आधी "आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही" हे एका शाळेत ऐकून झालं होतं.

बाकी गंमत म्हणजे १४ नोव्हेंबरला आपला बालदिन आणि जागतिक मधुमेह दिन एकाच दिवशी, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी बँटिंगचा वाढदिवस तो. मुलीने शाळेत त्यावर भाषण केलं, पेटंट एक-एक डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं त्या लोकांनी, ते वाक्य ती फार जोरात म्हणते.

---

शिल्पा_हडपसर

आणि आज त्याच इन्सुलिनच्या, स्ट्रिपच्या बिलाने महिना हलतो. असो, विषय भरकटेल.

मृदुला, एक राहिलंच. तुझं स्वतःचं. पोळ्या लाटताना रडणं वाईट नाही पण तेवढ्यावर भागणार नाही. झोप उडालीय, सुट्टीच्या दिवशीही छातीत धडधड, चिऊ शाळेत असताना दर दहा मिनिटांनी फोन बघणं, असं असेल तर समुपदेशकाकडे जा, आणि चिऊच्या नाही, तुझ्या नावाने केसपेपर काढ. पुण्यात रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटलचं डायबेटिस युनिट आहे, जहांगीर हॉस्पिटलमध्ये मुलांचं क्लिनिक आहे. तुम्ही जिथे दाखवता तिथेच आधी विचार की समुपदेशक बसतात का, आणि इतर पालकांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे का. रात्री तीनला ५८ इतकी लो शुगर दिसल्यावर ज्याला मेसेज करता येतो असं माणूस हवं, डॉक्टर नाही, आपल्यासारखंच जागं असलेलं कुणीतरी.

---

मृदुला_वारजे

सगळ्यांना एकदमच उत्तर देते. काल रात्रीचं त्याने दिलं. हात थरथरत होता, चिऊनेच सांगितलं, "बाबा, आधी स्पिरिट वाळू दे." रडली ती, पण टेबलाखाली गेली नाही. आज सकाळी परत गेली :) म्हणजे रोजचं वेगळं असणार हे मी आता धरून चाललेय. सासूबाईंना वही आणि वजनकाटा दिलाय, साबुदाण्याच्या खिचडीवरून आमची ऑलरेडी जुंपली आहे. आणि हो, माझी समुपदेशकाची अपॉइंटमेंट घेतली, पुढच्या शनिवारी.

दोन प्रश्न राहिले. अंगावर लावायचा शुगरचा सेन्सर लावला तर बोट टोचायचं पूर्ण थांबतं का? आणि वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या, माझ्याकडे बरणी भरत आलीय.

---

सिस्टर_सुनंदा

सेन्सर दंडावर चौदा दिवस राहतो, लावताना एकदा टोचतं, मग बोटाच्या सुया खूप कमी होतात, पूर्ण थांबत नाहीत. सेन्सर एक सांगतोय आणि मूल वेगळंच दिसतंय असं झालं तर बोटच खरं. रात्री त्याच दंडावर झोपली तर खोटी लो दाखवतो, अलार्म वाजला म्हणून लगेच साखर भरवू नका, कुशीवर वळवा आणि बोटाने बघा. आणि अलार्म मोबाईलवर यायला लागले की काही आयांची काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, त्यामुळे कुठल्या आकड्याला वाजू द्यायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सुया बरणीतच, पण काचेच्या नको, जाड प्लास्टिकच्या. कपडे धुवायच्या लिक्विडची रिकामी बाटली सगळ्यात बरी.

---

पर्वतीचा_बाबा

बाटली भरली की झाकणाला टेप लावून वर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा आणि क्लिनिकमध्ये घेतात का विचारा, आमच्याकडे घेतात. सुक्या कचऱ्यात सुट्या टाकू नका प्लीज. आपल्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हाताने कचरा वेगळा करतात, त्यांना टोचली तर त्यांच्या घरी पुढे किती महिने तपासण्या. आमच्या सोसायटीत ताईंना मी आधीच सांगून ठेवलंय की चौथ्या मजल्यावरून निळी बाटली आली तर ती उघडायची नाही.

तुमचा नवरा मोबाईलवर वाचत असेल तर त्यांना सांगा, रविवारी सकाळी आम्ही तीन-चार बाप पोरांना घेऊन सारसबागेत भेटतो. पोरं पळतात, आम्ही इडली खातो. मीटर आणि ग्लुकोज सोबत आणा, पळून पळून शुगर खाली येते सगळ्यांची.